गाणं आधी मोजायचं, मग बघायचं

कोल्हापूरच्या एकवीस वर्षांच्या एका मुलाचा प्रश्न आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, मित्रांच्या गाण्यांचे व्हिडिओ फोनवर काढतो. त्याने विचारलंय: "सर, मिशेल गोंद्री कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये गेला नाही, तरी म्युझिक व्हिडिओतला एवढा मोठा दिग्दर्शक झाला, असं वाचलं. त्याने नेमकं केलं काय? त्यातलं माझ्यासारख्याला काय जमेल? की आधी दोन लाख भरून कोर्स करू?"

मी स्वतः कुठे शिकलेलो नाही. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या प्रसिद्ध फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून अनेक वर्षं सायकलने गेलो, आत कधी गेलो नाही. आधी ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचो, नंतर लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा धरायला लागलो, आणि गेली पंधरा-एक वर्षं गाण्यांचे व्हिडिओ करतोय. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे. उत्तर लांबलं तर सांभाळून घे.

पहिली दुरुस्ती. गोंद्री "शिकलेला नव्हता" हे अर्धंच खरं. 1963 साली फ्रान्समधल्या व्हर्सायला त्याचा जन्म झाला. पॅरिसला तो ग्राफिक आर्ट शिकला, म्हणजे चित्र, अक्षर आणि पानाची मांडणी यांचं रीतसर शिक्षण त्याला मिळालं होतं. सिनेमा मात्र त्याला कुणी शिकवला नाही. कॉलेजातल्या मित्रांचा 'वी वी' नावाचा बँड होता (फ्रेंचमध्ये 'हो हो'), त्यात तो ड्रम वाजवायचा. बँडला व्हिडिओ हवे होते आणि करून देणारं कुणी परवडत नव्हतं. म्हणून ड्रमवाल्यानेच 16 एमएमचा कॅमेरा घेतला आणि घरात एकेक फ्रेम सरकवत अ‍ॅनिमेशन करायला सुरुवात केली. ते व्हिडिओ टीव्हीवर लागले, त्यातला एक बियर्क या आइसलँडच्या गायिकेने पाहिला, आणि 1993 साली तिने आपल्या 'ह्यूमन बिहेवियर' गाण्याचं काम त्याला दिलं. अस्वल, जंगल, खेळण्यातल्यासारखं जग. पुढे वर्षानुवर्षं दोघांनी एकत्र काम केलं.

यातलं "ड्रमवाला" हे लक्षात ठेव. माझ्या मते सगळं तिथेच आहे.

एक आडवळण घेतो, राहवत नाही म्हणून. गोंद्रीचे आजोबा कॉन्स्टंट मार्टिन यांनी 1947 च्या सुमाराला क्लॅव्हिओलिन नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवलं. तेच वाद्य आपल्या मुंबईत आलं, आणि 1954 च्या 'नागिन' चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी त्यावर बीनची धून वाजवली. आजही वरातीत ती धून सुरू झाली की कुणीतरी रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळतोच. तर बाबा, या फ्रेंच माणसाच्या आजोबांच्या डोक्यातून निघालेल्या आवाजावर तू लहानपणापासून नाचतो आहेस. घरात असा माणूस असला की मुलाला एक गोष्ट फुकट कळते: यंत्र उघडायचं असतं. तुझ्या कोल्हापुराला हे नवीन नाही म्हणा. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला होता, तेव्हा कोर्स कुठे होते?

आता तंत्राकडे येऊ.

आपल्याकडे गाण्याचा व्हिडिओ म्हणजे काय करतात? गाणं ऐकायचं, डोळे मिटायचे, काय "दिसतं" ते बघायचं. दिसतो तो कुठला तरी आधी पाहिलेला व्हिडिओ. मग घाट, धुकं, ओढणी, बाइक. संकलनाच्या वेळी ठोक्यावर कट मारले की झालं. मीही पाच-सहा वर्षं हेच केलं, पैसेही मिळाले, तक्रार नाही. गोंद्री उलट टोकाकडून सुरू करतो. तो गाणं मोजतो. कुठलं वाद्य कधी येतं, किती मात्रांनी परत येतं, कुठे गळतं, याचा नकाशा काढतो. मग एक नियम ठरवतो: या आवाजाला ही गोष्ट. एकदा नियम ठरला की चित्र नियमातूनच निघतं, त्याला वेगळी "कल्पना" सुचावी लागत नाही. गाण्यातला खेळ डोळ्यांना दिसायला लागतो, आणि जे वाद्य आजवर कधी कानांना जाणवलंच नव्हतं ते पहिल्यांदा ऐकू येतं.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं 1997 चं 'अराउंड द वर्ल्ड'. गाण्यात बोल म्हणशील तर तेच तीन शब्द, परत परत. एक गोल चौथरा, मागे पायऱ्या, आणि नाचणाऱ्यांचे पाच गट. यंत्रातून येणारा माणसाचा आवाज म्हणजे गोल फिरणारे रोबो. बेस गिटारची चाल वर चढते आणि खाली उतरते, म्हणून उंच खेळाडू पायऱ्या चढतात-उतरतात. गिटार म्हणजे सांगाडे, वरच्या पट्टीतला कीबोर्ड म्हणजे चमकत्या पोशाखातल्या मुली, आणि ड्रम मशीन म्हणजे पट्ट्या गुंडाळलेल्या ममी. नृत्यरचना ब्लांका ली हिची. गाण्यात वाद्य थांबलं की तो गट थांबतो. बस, एवढंच.

आता तबलजीच्या कानाने हे बघ. आपण टाळी आणि खाली हाताने दाखवतो की नाही? पहिली टाळी सम, मग दुसरी, मग हात उलटा करून खाली. आवर्तन डोळ्यांना दिसावं यासाठी ही आपली जुनी सोय. गोंद्रीने तेच केलं, हाताच्या जागी माणसं उभी केली. आणि ही सगळी माणसं तो लांबूनच दाखवतो. इतर व्हिडिओंत नाच चालू असताना नाचणाऱ्याचा चेहरा, पाय, परत चेहरा असे तुकडे पाडतात, त्याने नाचाची वाट लागते, हे त्याचं गाऱ्हाणं होतं. नियम दिसायचा असेल तर पूर्ण पट दिसला पाहिजे. बुद्धिबळाचा डाव फक्त घोड्याच्या क्लोजअपवर कसा कळणार?

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात लाडकं. केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश जोडीचं 2002 चं 'स्टार गिटार'. आगगाडीच्या खिडकीतून बाहेरचं दृश्य, संपूर्ण व्हिडिओ एवढाच. पहिला अर्धा मिनिट वाटतं, हे काय, प्रवासाचं चित्रीकरण दिसतंय. मग ध्यानात येतं की खांब ठोक्यावर येतोय. गोदाम एका सुरावर, पूल दुसऱ्या सुरावर. गाण्यात आवाजांची गर्दी वाढते तसं शहर दाट होत जातं. फ्रान्सच्या दक्षिणेतल्या नीम ते व्हालान्स या मार्गावर त्याने साध्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं, तेही दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दहा खेपा करून, म्हणजे उजेड बदलत गेलेला मिळावा. नंतर संगणकावर त्यातली एकेक वस्तू उचलून ठोक्यावर बसवली. पण त्याआधी काय केलं ते जास्त महत्त्वाचं. गाणं आलेखाच्या कागदावर उतरवलं, आणि मग घरातली संत्री, काटे, पुस्तकं, ग्लास, बूट असं काय काय ओळीने मांडून तपासून पाहिलं की हा आवाज म्हणजे संत्रं, हा म्हणजे काटा, असं धरलं तर डोळ्यांना ताल लागतो का.

जेवणाच्या टेबलावर झालेली ती तालीम मला त्या व्हिडिओपेक्षाही मोठी वाटते. कारण ती तुला आज रात्री करता येईल. आईची वाटी, पळी, दोन कांदे.

बाकीची कामं भरभर सांगतो. 1996 चं सिबो मात्तो या दोघींच्या बँडचं 'शुगर वॉटर': पडदा उभा दुभागलेला, एका बाजूला एकीचा दिवस सरळ चाललाय, दुसऱ्या बाजूला दुसरीचा उलटा, मध्यावर दोघी भेटतात आणि बाजूंची अदलाबदल होते. 'चिमा काय कामाची' उलट वाचलं तरी तेच, तसला प्रकार. 2002 चं कायली मिनोग या ऑस्ट्रेलियन गायिकेचं 'कम इन टू माय वर्ल्ड': पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियाँकूरमधला एक चौक, कॅमेरा गोल फिरतो, आणि दर फेरीला आणखी एक कायली वाढते. चौकातली बाकीची माणसंही वाढतात. कॅमेऱ्याची तीच हालचाल यंत्राने तंतोतंत परत परत करून घेतलेली आहे. कसब अफाट, पण खरं सांगू, मला तिथे गाण्यापेक्षा कोडं मोठं वाटतं. तिसऱ्या फेरीला मी गाणं ऐकणं सोडून माणसं मोजत बसतो.

व्हाइट स्ट्राइप्स या बँडसाठी त्याने केलेली दोन कामं मात्र नीट बघ. 2002 चं 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल' सगळं लेगोच्या ठोकळ्यांतून केलेलं आहे. आधी बँडचं साधं चित्रीकरण, मग त्याच्या फ्रेमा ठोकळ्यांनी पुन्हा रचून एकेकीचा फोटो. गाणं जेमतेम दोन मिनिटांचं, म्हणून निभावलं. पाच मिनिटांचं असतं तर माणसं पळून गेली असती. आणि 2003 चं 'द हार्डेस्ट बटन टू बटन': न्यू यॉर्कच्या रस्त्यावर ड्रमचा ठोका पडला की नवा ड्रमसेट उमटतो, पुढच्या ठोक्याला त्यापुढे आणखी एक. त्यासाठी एकसारखे 32 ड्रमसेट आणले होते. लक्षात घे, संगणकावर एका सेटचे बत्तीस करणं 2003 मध्येही शक्य होतं. त्याने खरे आणले. खऱ्याची सावली खरी पडते, झांजेवर ऊन खरं चमकतं, मागचा वाटसरू खरोखर थबकतो.

म्हणून तो संगणकाच्या विरोधात आहे असं समजू नकोस. रोलिंग स्टोन्स या बँडसाठी 1995 मध्ये केलेल्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'मध्ये वेगवेगळ्या कोनांतून टिपलेले स्थिर फोटो संगणकाने एकमेकांत वितळवून त्याने थिजलेल्या क्षणाभोवती कॅमेरा फिरवला. 'मेट्रिक्स' चित्रपटातल्या गोळ्यांच्या प्रसिद्ध दृश्याच्या चार वर्षं आधी. त्याचा प्रश्न फक्त एवढाच असतो: ही युक्ती कॅमेऱ्यासमोर होईल का? होत असेल तर कॅमेऱ्यासमोर. 2004 च्या 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' या चित्रपटातही, एकाच शॉटमध्ये जिम कॅरी हा नट दोन ठिकाणी दिसावा म्हणून त्याला कॅमेऱ्यामागून पळवत, कपडे बदलायला लावत दुसरीकडे पोहोचवलेलं आहे. आपल्या नाटकवाल्यांना यात नवल वाटणार नाही, विंगेत हे रोज चालतं. त्या चित्रपटाच्या मूळ पटकथेचं ऑस्कर त्याने चार्ली कॉफमन आणि पिएर बिस्मथ यांच्यासोबत घेतलं.

त्याच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर तू पोथी करून बसशील. नियम एवढा डौलदार असतो की कधीकधी गाणाऱ्याचं दुःख त्यात बुडून जातं. आपल्याकडे लावणी घे, अभंग घे, शब्दच गाण्याचा मालक असतो. "अराउंड द वर्ल्ड" तीन शब्दांचं आहे म्हणून पाच गटांत वाटता आलं. तुकोबांच्या ओळीवर खांब आणि गोदामं मोजत बसलास तर वारकरी तुला धरून हाणतील, आणि बरोबर करतील.

आता तुझ्या हाताशी येईल असं. पहिली गोष्ट म्हणजे गणित, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके, ते संगीतकाराला विचार. मग 60 गुणिले फ्रेम-रेट (कॅमेरा सेकंदाला किती फ्रेम टिपतो) भागिले ठोके. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं आणि 24 फ्रेमचा कॅमेरा असेल तर एका ठोक्याला बरोबर 12 फ्रेम येतात, सोन्यासारखं. तेच गाणं 25 वर शूट केलंस तर साडेबारा. अर्धी फ्रेम कुठून आणणार? एक ठोका बाराचा, एक तेराचा असं करत बसावं लागतं. उलट 100 ठोक्यांच्या गाण्याला 25 बरा, बरोबर 15 फ्रेम मिळतात, 24 वर मात्र 14.4. एकेक फ्रेम हलवून अ‍ॅनिमेशन करणार असशील तर हे आधी ठरलंच पाहिजे. फोनमध्ये फ्रेम-रेट आपोआप बदलत राहतो, तो कायम धरून ठेवणारं अ‍ॅप वापर. संथ चाल हवी आणि ओठही जुळायला हवेत, तर 24 च्या दुप्पट 48 वर शूट कर आणि सेटवर गाणं दुप्पट वेगाने लाव. गायक पहिल्यांदा हसत सुटतात, हसू दे, दोन टेक त्यातच जाणार असं धरूनच चाल.

दुसरी गोष्ट तक्ता. मी आजही चौकटीच्या वहीवर काढतो. आडव्या ओळीत मात्रा, उभ्या रांगेत वाद्यं: ढोलकी, बेस, हार्मोनियम, कोरस, आणि गायकाचा श्वाससुद्धा. जिथे वाजतं तिथे चौकट भरायची. चार मिनिटांच्या गाण्याला एक रात्र जाते. सकाळी तो कागद भिंतीला लावून लांबून बघायचा. कुठे एकच वाद्य उरलंय, कुठे सगळ्यांनी गर्दी केलीय, कुठे एक ओळ फक्त एकदाच येते आणि परत कधीच येत नाही. ती एकदाच येणारी ओळ बहुतेक वेळा व्हिडिओची नाडी असते.

आणि तिसरी, जी मी मार खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी एका खासगी अल्बमचं गाणं केलं. जुन्या वाड्याचा चौक, चौकाभोवती ओसरी, एकच शॉट. तालाच्या सोळा मात्रांना सोळा माणसं, प्रत्येकाने आपल्या मात्रेला एक दार उघडायचं किंवा लावायचं. तीन दिवस तालीम, चौथ्या दिवशी अकरावा टेक झकास. मी घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. पंधरा दिवसांनी अंतिम मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून पक्कं केलेलं गाणं, आलं. निर्मात्याला गाणं "जरा ढिलं" वाटलं होतं म्हणून वेग 98 वरून 100 केला होता. मला कुणी कळवलं नव्हतं. मिनिटाला दोनच ठोके, ऐकताना कळणारही नाहीत. पण एका मिनिटात सगळी दारं दोन मात्रा उशिरा उघडायला लागली. शॉट एकच, त्यामुळे कापून जुळवायलाही जागा नाही. व्हिडिओ थोडा पळवून बसवला, तर मधूनमधून फ्रेम गळून माणसांची चाल अडखळायला लागली. शेवटी तुकडे करून, क्लोजअप घुसवून, नेहमीचा व्हिडिओ करून दिला. निर्माता खूश होता. मी ते काम कुणाला दाखवत नाही. तेव्हापासून अंतिम मिक्स हातात आल्याशिवाय मी तक्त्याची पहिली चौकट भरत नाही, आणि "आता यात बदल नाही" असं संगीतकाराकडून लिहून घेतो. मेसेजवर का होईना, पण लिहून.

"एकट्याने शिकला" म्हणजे एकट्याने केलं, असाही घोळ करू नकोस. ब्लांका लीचं नाव वर आलंच. गोंद्रीचा भाऊ ऑलिव्हिए तंत्राची बाजू सांभाळायचा. रोलिंग स्टोन्सच्या व्हिडिओमागे 'बफ' ही फ्रेंच संगणक-कंपनी होती. त्याला स्वतःला जे येत नव्हतं ते येणारी माणसं त्याने जवळ ठेवली.

आता दोन लाखांचं. प्रवेशपरीक्षा देऊन सरकारी संस्थेत दोन-तीन वर्षांसाठी जाता येत असेल तर जरूर जा, तंत्रासाठी नाही, तिथे भेटणाऱ्या माणसांसाठी. पण तीन महिन्यांत "दिग्दर्शक" करणारा कोर्स असेल तर माझं ऐक, त्यातले दहा-वीस हजार ढोलकी किंवा तबल्याच्या शिकवणीला घाल, थोडे बऱ्या तिपाईला आणि बाहेरच्या हार्ड डिस्कला, उरलेले बाबांना परत दे. कॅमेऱ्याची सबब तर तुला नाहीच. 2017 साली 'देतूर' नावाचा लघुपट गोंद्रीने आयफोनवरच केला, हरवलेल्या तीनचाकी सायकलची गोष्ट आहे. त्याने न्यू यॉर्क, पॅरिस अशा शहरांत हौशी लोकांसाठी सिनेमाचा कारखानाही मांडला होता: अनोळखी माणसांनी जमायचं, गोष्ट ठरवायची, तयार सेटवर क्रमाने शूट करायची, आणि साधारण तीन तासांत आपला सिनेमा घेऊन घरी जायचं. एडिटिंग नाही, जे कॅमेऱ्यात आलं तेच. तुझ्या मित्रांना घेऊन एखाद्या रविवारी हे करून बघ.

त्याआधी एक काम मात्र एकट्याने कर. पुण्याला येशील तेव्हा आगगाडीने ये, दिवसाच्या गाडीने. कानात एकच गाणं लाव, ज्याचा तक्ता तू आधी भरलेला आहेस, आणि बाहेर बघत कुठल्या वाद्याला काय देता येईल ते वहीत टिपत ये: विजेचे खांब, उसाच्या फडातली मोकळी सरी, फाटकाशी थांबलेल्या मोटरसायकली, साखर कारखान्याची चिमणी. चिमणी लांबून बराच वेळ दिसत राहते, तिला ताणलेला सूर दे, ठोका देऊ नकोस. पहिल्या खेपेला फोन खिशातच ठेव. दुसऱ्या खेपेला काढ. स्लीपरच्या खिडकीला आडव्या सळ्या असतात, लेन्स दोन सळ्यांच्या मधोमध धर, आणि फोनला दोरी बांधून ती मनगटात अडकव.